बावन्न टक्के मनमिळाऊ

परसवाड्यात एखाद्याचा स्वभाव जाणून घ्यायचा असेल, तर तो माणूस सोडून बाकी सगळ्या गावाला विचारायचं, अशी रीत आहे. मुलगी द्यायची असो, शेत ठेक्यानं द्यायचं असो की बैलजोडी उधारीवर सोडायची असो, चौकशीला आलेला माणूस आधी किराणा दुकानातून बिस्किटांचा पुडा घेतो, मग शेजारच्या ओसरीवर पाणी पितो, मग बालाघाटच्या बसच्या कंडक्टरला गाठतो. पोरगा कसा आहे हे दुकानदार वहीवरून सांगतो, शेजारी धुऱ्यावरून सांगतो आणि कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून. तिघांची साक्ष जुळली की काम झालं. ज्याची चौकशी चाललेली असते तो तेवढ्यात समोरून गेलाच, तर सगळे त्याला रामराम घालतात आणि पावसाचं बोलतात. "का हो, तुम्ही स्वभावानं कसे?" असं खुद्द त्यालाच विचारणारा माणूस एकतर नवखा समजला जातो, नाहीतर घेतलेला.

आणि फोन नेमकं हेच विचारतो. तेही साठ-साठ वेळा.

परसवाडा हे बालाघाट जिल्ह्यातलं तहसिलीचं गाव. पठारावरचं, पुढे बैहर, त्याच्या पुढे कान्हाचं जंगल. इथं घरात पोवारी चालते, दुकानात हिंदी, रानाच्या कडेला गोंडी आणि गोंदियाच्या सोयऱ्यांसमोर मराठी. एवढ्या भाषांत बोलणाऱ्या गावाला स्वतःच्या स्वभावाबद्दल मात्र एकाही भाषेत काही सांगायची सवय नव्हती. ती लावली आमच्या भाचीनं. नागपूरला शिकते. लग्नसराईत सगळे एकत्र जमले असताना तिनं घरच्या ग्रुपवर एक लिंक टाकली आणि खाली लिहिलं, "सर्वांनी भरा, मग कम्पेअर करू." परीक्षा म्हटली की आमच्याकडे आजही लोकांच्या पोटात गोळा येतो; पण या परीक्षेत नापास होता येत नाही हे कळल्यावर काकाजींनी चष्मा पुसला.

पहिल्याच प्रश्नावर गाडी अडली. "अनोळखी लोकांच्या मेळाव्यात तुम्ही स्वतःहून बोलायला जाता का?" काकाजी म्हणाले, "अनोळखी म्हंजे कोण?" शंका खरी होती. इकडच्या लग्नात हजार पान उठतं आणि त्या हजारातला प्रत्येक जण कुणाचा ना कुणाचा साळा असतो. परका माणूस भेटलाच, तर पहिल्या वाक्याला गाव निघतं, दुसऱ्याला कूळ निघतं, बिसेन की पटले, टेंभरे की राहांगडाले, आणि तिसऱ्या वाक्याला मामाचं घर निघून तो माणूस जवळचा होऊन बसतो. अनोळखी राहायला इथं फार कष्ट पडतात.

"एकटं असताना तुम्हाला ऊर्जा मिळते का?" याला काकाजींनी ठामपणे होकार दिला. चैतात पहाटे अंधारात मोहफुलं वेचायला ते एकटेच जातात. मोहाचा वास अस्वलालाही आवडतो. त्या वेळी मिळणारी ऊर्जा काही औरच असते, असं त्यांचं म्हणणं.

"तुमची खोली नेहमी नीटनेटकी असते का?" स्वतःची खोली घरात कुणालाच नाही. काकाजींची एक बाज आहे. तीही दुपारी मांजराची असते.

"ठरवलेलं काम तुम्ही वेळेवर पूर्ण करता का?" आमच्या ओसरीवर रोज येणारे एक निवृत्त गुर्जी आहेत. त्यांनी यावर उलट प्रश्न केला, "वेळ कोनाची धरायची? माही का पान्याची?" पऱ्हे तयार असतात, बांधीत चिखल नसतो. चिखल असतो, तेव्हा रोवणीला बाया मिळत नाहीत. बाया येतात, त्या दिवशी वीज जाते आणि मोटार बंद पडते. यातलं कोणतं बटण दाबायचं?

दादानं "मी माझ्या भावना सहसा व्यक्त करत नाही" या वाक्यापुढे "अगदी असहमत" दाबलं. वहिनी शेजारून पाहत होती. तिनं लगेच तिच्या भावना व्यक्त केल्या.

चाचणीत "अगदी सहमत" पासून "अगदी असहमत" पर्यंत पाच गोल असतात. आमच्याकडे कुणी कशालाच अगदी सहमत नसतं आणि असहमत असलं तरी तोंडावर सांगत नाही. जमिनीचा व्यवहार असो की जेवणाचं आमंत्रण, खरं उत्तर एकच: "पाहू." मधला गोल जणू आमच्यासाठीच काढलेला होता. गुर्जींनी तो इतक्यांदा दाबला की पोरांना वाटलं, फोन अडकला.

निकाल आले आणि ओसरीवर आनंद मावेना. काकाजी "सेनापती" निघाले. आजवर त्यांच्या हुकमात दोन बैल आहेत आणि त्यातलाही एकच ऐकतो. गुर्जी "तर्कशास्त्री". दादा "प्रचारक". वहिनी "वकील", याचं मात्र कुणालाही आश्चर्य वाटलं नाही. प्रत्येकाच्या नावाखाली इंग्रजी चार अक्षरं होती, आयएनएफजे, ईएसटीपी अशी, आणि त्याखाली दोन पानं स्तुती. एकूण सोळा प्रकार. सोळाही उत्तम. एकही चुगलखोर नाही, एकही चिंधीचोर नाही, शेजाऱ्याचा धुरा दर पावसाळ्यात वीतभर कोरणारा नाही, लग्नात पंगतीला पहिला आणि वाढायला शेवटचा असा नाही. सोळा प्रकारची माणसं, आणि त्यांत उधारी बुडवणारा कुणीच नाही, म्हणजे ही यादी करणारा कधी दुकानात बसला नव्हता हे उघड आहे.

आपल्याकडे स्वभावाची यादी करायला बसलेल्या माणसानं अशी गोड भाषा केली नव्हती. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाची सुरुवातच मूर्खांच्या लक्षणांनी केली आणि शेवट पढतमूर्खांच्या लक्षणांनी केला. मधे उत्तम लक्षणांचाही एक समास आहे. पण पारायणात लोक जागे होतात ते मूर्खलक्षणांना. समर्थांनी पाच गोलही दिले नाहीत आणि टक्केही. एकेक लक्षण सांगत जायचं, ओळखणारा ओळखतो. गंमत अशी की ऐकणाऱ्या प्रत्येकाला प्रत्येक ओवीत दुसऱ्याच कुणाचा तरी चेहरा दिसतो. गुर्जींनी एकदा तो समास आमच्या ओसरीवर मोठ्यानं वाचला, तेव्हा भावकीतली सगळी घरं त्यात आली, फक्त आमचं राहिलं. पुढच्या घरी वाचला असता, तर तेवढंच उलटं झालं असतं.

आता ही चार अक्षरं आली कुठून, हे कळलं तेव्हा काकूला फार बरं वाटलं. कारण या सगळ्याची सुरुवात जावयाच्या चौकशीतून झाली आहे. अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज नावाच्या बाई होत्या. १९१७च्या सुमाराला त्यांच्या मुलीनं, इझाबेलनं, होणारा नवरा घरी आणला. क्लॅरन्स मायर्स त्याचं नाव. मुलगा चांगला होता, पण ब्रिग्ज मंडळींपेक्षा अगदी निराळा: हे लोक कल्पनेत रमणारे, तो हिशेबी. बाईंना प्रश्न पडला, की असा माणूस विचार तरी कसा करतो? मग त्या माणसांचे प्रकार पाडू लागल्या. १९२१ साली कार्ल युंग यांचं मनोवृत्तींच्या प्रकारांवरचं पुस्तक आलं. ते हाती पडल्यावर बाईंनी आपली मांडणी बाजूला ठेवली आणि युंगची धरली. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इझाबेलनं त्यावरून प्रश्नावली तयार केली. दोघींपैकी कुणीच मानसशास्त्राची पदवी घेतली नव्हती. इझाबेल तर तोवर रहस्यकथा लिहून बक्षीस मिळवलेली बाई. एका सासूला जावई कळेना, म्हणून जगभरच्या कंपन्या आज नोकरांना चार अक्षरं वाटत आहेत. काकू म्हणाली, "मंग आपल्या गावात तं अशा सत्रा चाचण्या निंगाल्या असत्या!" तिचे स्वतःचे जावई दोन आहेत. ती त्यांना अक्षरं देत नाही, एकाला भाकरी देते आणि एकाला भात, आणि तेवढ्यावर तिचं वर्गीकरण पूर्ण होतं.

खरा गोंधळ झाला तो निकाल शेजारी शेजारी ठेवल्यावर. दादा निघाला बावन्न टक्के बहिर्मुख. भाची निघाली बावन्न टक्के अंतर्मुख. दोघांत अंतर फक्त चार टक्क्यांचं, पण चाचणीनं दोघांना वेगवेगळ्या घरांत बसवलं. एकाला सांगितलं, तुम्ही मेळाव्याचा प्राण आहात. दुसरीला सांगितलं, तुम्हाला एकांताची गरज आहे. त्या दिवसापासून भाची भांडी घासायच्या वेळेला एकांतात जाऊ लागली. मधोमध रेघ मारली की असंच होतं. १ नोव्हेंबर १९५६ला मध्य प्रांत-वऱ्हाडाच्या जुन्या राज्याचे दोन भाग झाले. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. रेघेच्या अलीकडे धान, पलीकडे धान. अलीकडच्या मुली पलीकडे दिलेल्या, पलीकडच्या अलीकडे आणलेल्या. पण अलीकडचा पोरगा हिंदीत निबंध लिहितो आणि पलीकडचा मराठीत, आणि दोघांना सांगितलं जातं की तुम्ही निरनिराळे आहात. माणसांपैकी बहुतेक जण स्वभावानं अशा रेघेजवळच राहतात, अगदी टोकाला थोडेच. म्हणून तर ही चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिली की बऱ्याच जणांचं एखादं अक्षर बदलून येतं. दादानं लग्नाच्या जेवणानंतर पुन्हा दिली, तेव्हा तोही अंतर्मुख निघाला. पण तो परिणाम जिलेबीचा असावा.

गोंदियाकडच्या मुलांना यात नवल वाटलं नाही. महाराष्ट्रात २०१६ साली दहावीच्या मुलांसाठी कल चाचणी सुरू झाली तेव्हापासून त्यांना असे कागद माहीत आहेत. आमच्या नात्यातल्या एका मुलाचा कल शेतीकडे निघाला. सात पिढ्या धान लावणाऱ्या बापानं तो कागद पाहिला आणि दोन दिवस बोलला नाही. एवढे पैसे खर्चून शिकवणी लावली, ती काय शेतीत आवड निघावी म्हणून?

गुर्जींनी मात्र तर्कशास्त्र्याला शोभेल असं काम केलं. काकाजींचा निकाल त्यांनी दादाच्या नावानं वाचून दाखवला: "तुम्ही वरून कणखर दिसता, पण आतून हळवे आहात. तुमच्यात पुष्कळ क्षमता आहे, ती अजून वापरली गेलेली नाही. लोक तुम्हाला ओळखण्यात चूक करतात." दादा मान डोलावत होता. वहिनीलाही तेच ऐकवलं. तिनं तर डोळे पुसले. काकाजींचा निकाल आपला असल्याचं घरातल्या प्रत्येकानं कबूल केल्यावर गुर्जींनी सांगितलं की हा खेळ जुना आहे. १९४८ साली बर्ट्रम फोरर नावाच्या प्राध्यापकानं अमेरिकेत आपल्या विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि आठवड्यानं प्रत्येकाला त्याचं "खास" वर्णन दिलं. किती जुळतं याला पाचपैकी गुण द्या म्हणाला. सरासरी पडली ४.२६. मग त्यानं उघड केलं, की सगळ्यांच्या हातात एकच मजकूर आहे आणि तो फुटपाथवर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उतरवलेला आहे. अंदर की बात अशी, की आपण हळवे आहोत हे कुणालाही पटतं आणि शेजारी हळवा आहे हे कुणालाही पटत नाही.

ज्योतिषावरून आठवलं. आमच्याकडे लग्न जुळवताना छत्तीस गुण पाहतात. त्यांत आठ नाडीचे आणि सहा गणाचे. देवगण, मनुष्यगण, राक्षसगण. राक्षसगणाच्या मुलीच्या घरचे बिचारे जन्मभर समजावत बसतात, की बाप्पा, पोरगी गरीब आहे, फक्त नक्षत्र तेवढं तसं आहे. त्या मानानं चार अक्षरं बरी. त्यांचा अर्थ कुणालाच कळत नाही. पण याच लग्नसराईत एका मुलाचा बायोडाटा आला, त्यात कूळ, उंची, शेती, नोकरी यांच्या खाली आणखी एक ओळ होती. आजवर त्या जागी सर्वांचा एकच मजकूर असे: स्वभाव मनमिळाऊ. या मुलानं खरी चाचणी देऊन खरा आकडा टाकला होता: मनमिळाऊपणा बावन्न टक्के. मुलीच्या वडिलांनी तो कागद दोनदा वाचला आणि मध्यस्थाला हळूच विचारलं, "उरलेले अठ्ठेचाळीस टक्के का करते हा?" मुलाच्या प्रामाणिकपणाला चाचणीत रकाना नव्हता. सोयरीक मोडली. पुढच्या ठिकाणी त्यानं पुन्हा "स्वभाव मनमिळाऊ" लिहिलं आणि आकडा गाळला. वैशाखात हळद लागली.

हा टक्केवाला प्रकार चार अक्षरांपेक्षा अभ्यासू. विद्यापीठांतले लोक यालाच जास्त मानतात. यात माणसाला घरात कोंबत नाहीत, पाच गुणांवर मोजतात: नव्याची आवड, कामातली शिस्त, बहिर्मुखपणा, मनमिळाऊपणा आणि मनाची अस्वस्थता. हे पाच सापडले शब्दकोशातून. १९३६ साली गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या दोघांनी वेब्स्टरचा जाडजूड इंग्रजी शब्दकोश चाळून माणसाच्या वर्णनाचे सुमारे अठरा हजार शब्द वेचून काढले. पुढच्यांनी कित्येक वर्षं ते पाखडून पाच ढीग केले. अठरा हजार ऐकून सगळे थक्क झाले, वहिनी सोडून. जावेबद्दल बोलायला बसली तर तिला शब्दकोश लागत नाही.

भाचीनं मग घरात हीही चाचणी भरून घेतली. या पाच गुणांचे निकाल ताडून पाहताना मात्र महाभारत झालं. कामातल्या शिस्तीत दादाला पडले शंभरात अठ्ठ्याऐंशी आणि काकाजींना सतरा. काकाजी आजही कोंबड्याआधी उठतात. दादाला उठवायला कोंबडा, काकू आणि शेवटी काकाजी असे तिघे लागतात. मग हे आकडे आले कसे? भाचीनं दोघांची उत्तरं काढून पाहिली, तेव्हा उलगडा झाला. "मी फार कष्टाळू आहे" या वाक्यापुढे काकाजींना त्यांचे वडील आठवले होते. म्हातारबा कंदील घेऊन बांधीवर जात आणि कंदील घेऊनच परत येत. त्यांच्यापुढे आपण कसले कष्टाळू, म्हणून काकाजींनी "असहमत" दाबलं. दादाला त्याच वाक्यापुढे आठवला पानठेल्यावरचा त्याचा मित्र. हा मित्र सकाळी दहाला बाकावर बसतो तो रात्री ठेला बंद होईतो उठत नाही. दादा मधूनमधून उठतो. म्हणून त्यानं "अगदी सहमत" दाबलं. दोघंही खोटं बोलले नव्हते. दोघांनी आपापला गज वापरला होता, आणि चाचणीला वाटलं होतं, गज एकच आहे.

यावर पुढे कळलं ते आणखी मजेदार. हे पाच गुण साऱ्या मानवजातीत सापडतात, असं मानून संशोधक देशोदेशी फिरले. बोलिव्हियाच्या जंगलात त्सिमाने नावाचे लोक राहतात. थोडी शेती करतात, शिकार करतात, मासे धरतात. मायकेल गर्वेन आणि त्यांच्या सोबत्यांनी सहाशेहून जास्त त्सिमाने माणसांना प्रश्नावली दिली आणि २०१३ साली निकाल छापला: पाच गुण काही धड दिसेनात. दिसले दोनच. एक, माणूस माणसांत कसा आहे. आणि दोन, कामाला कसा आहे. लहान गावात, शेतीच्या कामात, सगळे सगळ्यांना धरून जगत असताना माणसाबद्दल एवढंच कळावं लागतं. हे वाचल्यावर गुर्जी म्हणाले, "हे बोलिव्हिया कोनत्या तहसिलीत येते?" कारण परसवाड्याची प्रश्नावलीही दोनच प्रश्नांची आहे: पोरगा कामाचा आहे का? आणि दुःखाला-सुखाला येतो का? नव्याची आवड असेना का, आमचं काय जातं. मनाची अस्वस्थता तर धानाच्या भावानुसार वरखाली होते. ती मोजायची तर बाजारच्या दिवशी मोजावी लागेल.

हे पठार वसलं तेही असंच. लछमन नाईक नावाच्या गृहस्थानं एकोणिसाव्या शतकात परसवाड्याच्या पठारावर पहिली गावं बसवली, अशी नोंद जुन्या गॅझेटिअरात आहे. त्याआधी इथं दाट जंगल होतं. बालाघाट जिल्हासुद्धा झाला तो नंतर, १८६७ साली. त्या जंगलात न्यायला माणसं निवडताना नाईकांनी कुणाला विचारलं नसेल, की तुम्हाला अमूर्त कल्पनांवर चर्चा करायला आवडते का. कुऱ्हाड धरता येते का आणि शेजाऱ्याशी जमतं का, एवढं पाहिलं असेल. आम्ही सगळे त्या दोन प्रश्नांत उत्तीर्ण झालेल्यांचे वंशज आहोत. दुसऱ्या प्रश्नात काही कुळांना ग्रेस मार्क मिळाले असावेत, असं धुऱ्यांवरच्या भांडणांवरून वाटतं.

शेवटी भाचीनंच तोड काढली. म्हणाली, आता स्वतःचा फॉर्म स्वतः भरायचा नाही, एकमेकांचा भरायचा. याला शास्त्राचाही आधार आहे. सिमीन वझीर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०१० साली दाखवून दिलं, की आतली भीती, काळजी, हुरहूर माणसाची त्याला स्वतःलाच जास्त कळते. पण तो किती हुशार, किती कल्पक, हे त्याच्यापेक्षा त्याच्या मित्रांना नीट सांगता येतं. हुशारीबद्दल स्वतःला विचारलं की प्रत्येक जण आपलं घोडं पुढे दामटतो.

वहिनीनं दादाचा फॉर्म घेतला. दादाला अर्धा तास लागला होता. तिनं चहा उकळेपर्यंत साठही प्रश्न उडवले. मधला गोल तिनं एकदाही वापरला नाही. दादाची कामातली शिस्त अठ्ठ्याऐंशीवरून अकरावर आली. दादानं वहिनीचा फॉर्म भरताना प्रत्येक प्रश्नाला आधी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, म्हणून ती सर्व गुणांत नव्वदच्या वर निघाली. काकाजींनी काकूचा फॉर्म भरायला घेतला आणि ओसरीवरून स्वयंपाकघराकडे आवाज दिला, "अवो, तू लवकर चिडतं का?" आतून आलेल्या आवाजावरून त्यांनी उत्तर भरलं.

सगळे पुन्हा निकाल ताडून पाहू लागले तेव्हा एक गोष्ट दिसली. आपणच भरलेल्या निकालात माणूस असतो तसा नसतो, त्याला जसं असावंसं वाटतं तसा असतो. दुसऱ्यानं भरलेल्या निकालात तो दुसऱ्याला कसा पडतो ते असतं. दादाचे अठ्ठ्याऐंशी आणि अकरा हे दोन्ही आकडे खरे होते. पहिल्यात दादाची इच्छा मोजली गेली, दुसऱ्यात वहिनीचा थकवा. गाव जे पिढ्यान्‌पिढ्या करतं ते म्हणूनच बरोबर आहे, असा गुर्जींनी समारोप केला आणि पानाचा डबा उघडला.

पण भाची म्हणाली, कंपन्यांना हे केव्हाच कळलंय. २०१८ साली उघडकीला आलेलं केंब्रिज अॅनॅलिटिकाचं प्रकरण तिनं सांगितलं. फेसबुकवर अशीच एक स्वभावचाचणी होती. जगभरात पावणेतीन लाखांच्या आसपास लोकांनी ती दिली, पण तिच्या वाटेनं कोट्यवधी लोकांची माहिती बाहेर गेली. फेसबुकनंच दिलेल्या आकड्यांनुसार भारतात ते अॅप घेणारे होते फक्त ३३५ आणि माहिती उघडी पडण्याची शक्यता असलेले ५,६२,४५५. चाचणी देणाऱ्याच्या हातावर मिठाईसारखा निकाल ठेवायचा आणि तो चाखत असताना त्याच्या साऱ्या गोतावळ्याची चौकशी उरकायची. २०१५ साली छापून आलेल्या एका अभ्यासानं तर सांगितलं, की माणसानं फेसबुकवर दिलेले दहा लाइक पाहिले की संगणक त्याचा स्वभाव कचेरीतल्या सोबत्यापेक्षा नीट ओळखतो, सत्तर पाहिले की मित्रापेक्षा, दीडशे पाहिले की घरच्यांपेक्षा आणि तीनशे पाहिले की नवरा-बायकोपेक्षा. म्हणजे यंत्रही शेवटी आमच्याच रीतीवर आलं: त्याला विचारू नका, तो काय करतो ते पाहा.

गुर्जींनी लगेच शंका काढली, की संगणकानं ओळखलं ते बरोबर, हे ठरवलं कशावरून? भाचीनं पाहून सांगितलं: त्या माणसानं स्वतःबद्दल भरलेल्या प्रश्नावलीवरून. यावर ओसरीवर एवढा हशा झाला की गोठ्याकडचं कुत्रं भुंकायला लागलं. ज्या साक्षीदारावर कुणाचाच भरवसा नाही, निकाल अखेर त्याच्याच सहीनं पास झाला होता.

काकू इतका वेळ दारात उभी राहून ऐकत होती. तिच्या फोनमध्ये फेसबुक आहे. ती सगळ्यांचं सगळं पाहते, पण आजवर तिनं कशालाही लाइक दिलेला नाही. "कायले देऊ? देल्लं की पाहलं हे समजते." म्हणजे तीनशे लाइकांवर चालणारं ते यंत्र काकूपुढे निरक्षर. भाचीनं तिला फार आग्रह केला तेव्हा तिनं फोन हातात घेतला, पहिला प्रश्न वाचला आणि तो मोठ्यानं वाचून काकाजींकडे वळली. "माह्या मनासारखं नाई झालं तं मी लोकाइले सुनावतो का हो?"

ओसरीवर सगळे निकालाची वाट पाहू लागले. शंभरात सतरा शिस्तीच्या त्या सेनापतीपुढे पाच गोल होते. काकाजींनी त्यातला एकही निवडला नाही. ते उठले, खांद्यावर दुपट्टा टाकला आणि "गुरं पाहून येतो" म्हणून गोठ्याकडे निघाले. गुरं त्या वेळी रानात चरायला गेलेली होती.